फ्युएल फिल्टर बदलताना इंधन सांडणे आणि गळणे: नवख्यांसाठी मार्गदर्शन

मोटारीचा फ्युएल फिल्टर बदलणे हे तसे तासाभराचे काम आहे आणि त्याला लागणारी हत्यारेही फारशी नाहीत. तरीही पहिल्यांदा हे काम करणाऱ्याचा हात एका ठिकाणी हमखास थबकतो. पाइप सुटतो, इंधनाची धार मनगटावर येते, आणि ती किती वेळ वाहणार, थांबवायची की वाहू द्यायची, हे त्या क्षणी सुचत नाही. घाबरून पाइप तसाच परत दाबून बसवला जातो, त्यात ओ-रिंग, म्हणजे जोडातून इंधन बाहेर येऊ न देणारी रबरी कडी, चिरते किंवा क्लिपचा कान मोडतो, आणि एरवी कपभर इंधन सांडून जो विषय संपला असता त्यातून कायमची गळती मागे राहते.

म्हणून सांडणे आणि गळणे यांतला फरक सुरुवातीलाच समजून घ्यावा. फिल्टर सोडताना त्याच्या पोटातले आणि पाइपात उरलेले इंधन बाहेर येणारच. ते सांडणे झाले. त्याचे प्रमाण साधारण माहीत असते, त्यासाठी आधीच भांडे लावून ठेवता येते, आणि थोड्या वेळात ते ओसरते. नवा फिल्टर बसवून झाल्यावर जोडापाशी जी ओल धरते ती गळती. ती आपोआप थांबत नाही आणि उद्या वाढणार नाही याची खात्री कोणी देऊ शकत नाही. सांडण्याची तयारी आधीपासून करायची असते, गळतीचे मात्र कारण शोधून काढावे लागते.

आधी आपली गाडी ओळखावी

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत फिल्टर म्हणजे बोनेटखालची छोटी पारदर्शक प्लॅस्टिकची डबी असते आणि तिथला दाब अगदी किरकोळ, म्हणजे ०.२ ते ०.३ बार असतो. इंधन फवारणाऱ्या, म्हणजे एमपीएफआय प्रकारच्या पेट्रोल गाड्यांत हाच दाब सुमारे ३ बार असतो. टायरमध्ये आपण साधारण सव्वादोन बार हवा भरतो, हे लक्षात घेतले तर पाइप एकदम सोडल्यावर पेट्रोल ठिबकत का नाही, चेहऱ्यापर्यंत का उडते, हे समजते. अशा बऱ्याच गाड्यांत फिल्टर पत्र्याच्या डब्यासारखा असतो आणि गाडीखाली टाकीच्या लगत किंवा बोनेटखाली बसवलेला असतो. हा लेख प्रामुख्याने त्या फिल्टरविषयी, आणि डिझेल गाड्यांच्या बोनेटखालील फिल्टरविषयी आहे.

अनेक नव्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर टाकीच्या आत पंपाबरोबरच असतो आणि तो काढायचा तर मागची सीट उचलून टाकीचे तोंडच उघडावे लागते. हे काम नवख्याने घरी करू नये, कारण उघड्या टाकीतली वाफ थेट गाडीच्या बंदिस्त भागात पसरते. सीएनजीवरही चालणारी गाडी असेल तर तिच्या वायूच्या पाइपांना आणि वायूच्या फिल्टरला हात लावू नये. सिलिंडरमधला दाब २०० बारच्या घरात असतो आणि ते काम अधिकृत केंद्राचेच आहे. पेट्रोलचा फिल्टर बदलण्यापूर्वी सिलिंडरची झडप बंद करून ठेवावी.

डिझेलच्या कॉमन रेल गाड्यांत, म्हणजे जिथे इंधन फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळते त्या गाड्यांत, फिल्टर कमी दाबाच्या बाजूला असतो. मात्र पंपापासून रेलकडे आणि रेलपासून इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी बारीक नळ्यांमध्ये इंजिन चालू असताना हजार बारहून अधिक दाब असू शकतो. तिथून निघालेली केसाएवढी धार कातडी भेदून आत शिरते आणि वरून फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो. त्या नळ्यांचे नट कधीही सैल करू नयेत, आणि गळती शोधण्यासाठी चालू इंजिनवर त्यांच्यावरून बोट फिरवू नये. अशी जखम झाली तर ती दुखत नसली तरी तासाभराच्या आत रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना डिझेलची धार शिरली आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

जागा आणि तयारी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर जाऊन विरत नाही. जमिनीलगत पसरते, उताराकडे सरकते, खड्ड्यात आणि गटारात साचते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड टक्का झाले की ठिणगीला पेट घेण्याइतकी ती तयार असते, आणि पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही अशी वाफ सोडत असते. सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये किंवा शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये हे काम का करू नये, याचे कारण एवढेच आहे. उघडे अंगण किंवा वारा खेळता असलेली मोकळी जागा निवडावी, आणि वाऱ्याच्या दिशेला पंधरा-वीस फुटांत गॅसची शेगडी, गिझर, विजेचा पंप, देवापुढची समई किंवा उदबत्ती यांपैकी काही चालू नाही, हे स्वतः फिरून पाहावे. शेजारी कोणी विडी-सिगारेट ओढत गप्पा मारायला येणार असेल तर त्याला आधीच नम्रपणे सांगून ठेवावे.

डिझेल सहज पेटत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान, किमान ३५ अंश असावा लागतो, आणि नागपूर किंवा जळगावच्या मे महिन्यात सावलीतले तापमानही त्याच्या वर असते. शिवाय तापलेल्या एक्झॉस्टवर किंवा टर्बोवर डिझेल पडले तर त्याला ठिणगीचीही गरज लागत नाही, कारण ते २१० ते २५० अंशांच्या आसपास आपोआप पेट घेते. काम सकाळी, रात्रभर गार झालेल्या इंजिनावरच करावे.

जवळ ठेवायच्या वस्तूंत पहिली म्हणजे दोन किलोचे एबीसी कोरड्या भुकटीचे अग्निशामक. ते डिकीत न ठेवता हाताच्या अंतरावर, पण गाडीपासून दोन पावले दूर ठेवावे, म्हणजे आग लागलीच तर त्यासाठी आगीत हात घालावा लागणार नाही. दोन किलोचे अग्निशामक जेमतेम आठ-दहा सेकंद चालते, म्हणून खीळ ओढणे आणि नळी ज्वाळेच्या मुळाशी धरणे या हालचाली आधी मनात घोकून ठेवाव्यात. त्याशिवाय बादलीभर कोरडी वाळू, लाकडाचा भुसा, सुती फडकी, धातूची पसरट थाळी, नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा आणि एलईडीची विजेरी असावी. वायरवर लोंबणारा जुना काचेचा बल्ब गाडीखाली कधीही नेऊ नये. त्यावर पेट्रोलचा थेंब पडला की काच तडकते आणि आतली तापलेली तार उघडी पडते.

कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे घालावेत. गाडीखाली झोपून हात वर केल्यावर पेट्रोल पाइपवरून बोटांवर, बोटांवरून मनगटावर आणि तिथून बाहीच्या आत कोपरापर्यंत उतरते. म्हणून बाहीच्या टोकावर हातमोजा चढवून त्याची कड बाहेरच्या बाजूला दुमडावी, म्हणजे उतरणारे पेट्रोल त्या पन्हाळीत अडते. प्लॅस्टिकची बादली किंवा पाण्याची रिकामी बाटली थाळीऐवजी वापरू नये, कारण वाहत्या पेट्रोलमुळे प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते आणि ती जमिनीत उतरून जात नाही.

गाडी उचलायची असेल तर नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नये. भक्कम घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, लावाव्यात, जमिनीवर असलेल्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे द्यावेत, आणि खाली जाण्यापूर्वी गाडीला हाताने जोराचा धक्का देऊन ती हलत नाही याची खात्री करावी. टाकी पाव किंवा त्याहून कमी भरलेली असताना काम करावे. टाकीतल्या पेट्रोलची पातळी फिल्टरपेक्षा वर असेल तर पाइप सोडल्यावर ते आपल्या वजनाने वाहत राहते, आणि सांडणे लवकर ओसरत नाही ते यामुळेच.

दाब उतरवणे

नवखे लोक जी पायरी गाळतात ती हीच, आणि बहुतेक अपघातांचे मूळही इथेच असते. गाडी बंद करून तास-दोन तास झाले तरी एमपीएफआय गाडीच्या पाइपात दाब टिकून राहू शकतो, कारण पुढच्या वेळी इंजिन चटकन सुरू व्हावे म्हणून पंपातली झडप तो मुद्दाम धरून ठेवते. गाडी रात्रभर उभी होती, म्हणजे दाब गेलाच असेल, असे गृहीत धरू नये.

प्रथम पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडावे. उन्हाळ्यात यावेळी फुस्स असा आवाज येतो. तो टाकीत साठलेल्या वाफेचा दाब असतो आणि तो तसाच राहिला तर पाइप सोडल्यावर टाकीतले पेट्रोल बाहेर ढकलतो. मग गाडीच्या माहितीपुस्तिकेतील तक्ता पाहून इंधन पंपाचा फ्यूज किंवा रिले, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच, काढावा आणि इंजिन सुरू करावे. पाइपातले उरलेले पेट्रोल वापरून ते काही सेकंद चालते, मग अडखळते आणि बंद पडते. त्यानंतर आणखी दोन-तीन वेळा, प्रत्येकी चार-पाच सेकंद, स्टार्टर फिरवावा. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला तर घाबरू नये. पंपाला वीज नव्हती याचीच ती नोंद असते. शेवटी किल्ली काढून घ्यावी आणि बॅटरीचे ऋण टोक सोडून ते चुकून टेकणार नाही असे फडक्यात गुंडाळून ठेवावे. बॅटरीला हात घालण्याची वेळ हीच आहे. पाइप सोडून पेट्रोल सांडल्यानंतर बॅटरीचे टोक सोडायला किंवा जोडायला गेले तर तिथेच ठिणगी पडते.

एवढे करूनही पाइप पूर्ण कोरडा होत नाही. तीन बारचा दाब गेला, एवढाच त्याचा अर्थ. पोटातले पेट्रोल अजून आहे.

पाइप सोडताना

फिल्टरभोवतीची धूळ आणि चिखल आधी ब्रशने झाडून, शक्य असल्यास हवेचा झोत मारून साफ करावा. पावसाळ्यानंतर गाडीखालच्या जोडांमध्ये वाळलेला चिखल दगडासारखा घट्ट बसतो आणि प्लॅस्टिकच्या क्लिपचे कान त्यामुळेच दबत नाहीत. जोर लावला की मोडतात. एक कण जरी नव्या जोडात राहिला तरी ओ-रिंग त्या जागी टेकत नाही आणि तिथून पाझर सुरू होतो. गळतीविरुद्धचे निम्मे काम या साफसफाईत होते, असे माझे मत आहे.

जोडाखाली थाळी धरावी, जोडाभोवती सुती फडके सैलसर गुंडाळावे आणि तोंड जोडाच्या समोर न ठेवता बाजूला ठेवावे. नटाचा जोड असेल तर दोन पाने वापरावेत: एकाने फिल्टरकडचा षट्कोन स्थिर धरावा, दुसऱ्याने नट फिरवावा. एकाच पान्याने जोर लावला तर लोखंडी नळी पिळली जाते आणि तिला पडलेली चीर पुढे कितीही आवळले तरी बुजत नाही. नट पाव फेरा सैल करून थांबावे. फडके ओले होईल, थोडे पेट्रोल थाळीत पडेल. उरलेला दाब असा हळूहळू जाऊ द्यावा आणि मगच नट पूर्ण सोडावा. दाबून काढायच्या जोडात पाइप आधी फिल्टरच्या दिशेने किंचित आत ढकलावा, मग दोन्ही कान दाबावेत आणि पाइप सरळ रेषेत बाहेर ओढावा. तो डावी-उजवीकडे वाकवत काढू नये. रबरी होज नळीला चिकटलेला असेल तर तो पेचकसाने उचकटू नये. पकडीने आधी जरासा गोल फिरवून चिकटपणा सोडवावा, आणि तरीही निघत नसेल तर तो कापून नवा घालणे शहाणपणाचे आहे.

फिल्टरच्या पोटातून आणि पाइपातून साधारण एक ते दोन कप इंधन येते. ते थाळीत पडू द्यावे. एखाद-दीड मिनिटानंतरही टाकीकडच्या पाइपातून संथ पण सलग धार चालूच असेल तर टाकीतले पेट्रोल आपल्या वजनाने उतरत आहे, असे समजावे. अशा वेळी आधीच तयार ठेवलेले रबरी बूच किंवा पाइपाच्या मापाचा, आटे नसलेल्या गुळगुळीत मानेचा बोल्ट पाइपाच्या तोंडात बसवावा. हे बूच कामाला बसण्यापूर्वीच खिशात असले पाहिजे. एका हाताने वाहता पाइप धरून दुसऱ्या हाताने ते हत्यारांच्या पेटीत शोधता येत नाही. पाइप पकडीने चिमटून धार थांबवण्याचा मोह आवरावा, कारण जुना रबरी होज आतून तडकतो आणि नायलॉनचा पाइप एकदा मुडपला की पुन्हा गोल होत नाही.

तोंडाने पेट्रोल ओढून टाकी कमी करण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजून दिसते. ती सर्वथा टाळावी. पेट्रोलचा घोट फुप्फुसात उतरला तर जीवघेणा दाह होतो, आणि ते चुकून गिळले गेले तर उलटी करवण्याचा प्रयत्नही करू नये. थेट रुग्णालयात न्यावे. डोळ्यात उडाले तर स्वच्छ पाण्याच्या संथ धारेखाली पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि मग डॉक्टरांना दाखवावा.

नवा फिल्टर बसवताना

फिल्टरवर प्रवाहाच्या दिशेचा बाण असतो. त्याचे टोक इंजिनाकडे आले पाहिजे. जुना फिल्टर काढण्यापूर्वीच त्याचा फोटो घेऊन ठेवला तर कोणता पाइप कुठे, हा गोंधळ होत नाही.

पोकळ बोल्टच्या, म्हणजे बँजो बोल्टच्या जोडात पाइपाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे वॉशर असतात. हे वॉशर एकदाच वापरायचे असतात. धातू मऊ असल्यामुळे आवळताना तो दोन पृष्ठांच्या बारीक ओरखड्यांत दाबला जातो आणि तिथेच घट्ट होऊन बसतो. वडिलांच्या जुन्या पेट्रोल गाडीचा फिल्टर मी पहिल्यांदा बदलला तेव्हा नवे वॉशर हाताशी नव्हते आणि जुने वरवर चांगले दिसत होते, म्हणून तेच परत घातले. त्या दिवशी जोड कोरडा होता. दुसऱ्या दिवशी गाडी तासभर चालल्यावर आत पेट्रोलचा वास येऊ लागला. खाली जाऊन पाहिले तर ठिबकणारा थेंब कुठेच नव्हता. धुळीने माखलेल्या जोडावर वॉशरभोवती फक्त एक काळसर ओले वलय होते. ते वॉशर काढून उजेडात तिरपे धरले तेव्हा त्यांच्यावर जुन्या जोडाचा गोल ठसा आणि त्याला आडवी गेलेली एक रेघ दिसली. पेट्रोल त्या रेघेतूनच वाट काढत होते. नवे वॉशर काही रुपयांत मिळतात. ते आधी आणल्याशिवाय फिल्टर सोडू नये.

ओ-रिंगचेही तसेच आहे. नव्या ओ-रिंगवर स्वच्छ इंजिन ऑइलचे किंवा त्याच इंधनाचे एक बोट फिरवावे, म्हणजे ती सरकताना पिळली जात नाही. ग्रीस लावू नये. दाबून बसवायच्या जोडात ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे, आणि त्यानंतर पाइप हाताने मागे ओढून पाहावा. तो जरासा हलेल, पण निघता कामा नये. आवाज आला म्हणून ओढून न पाहणे ही चूक आहे, कारण एकच कान अडकला तरी आवाज येतो.

रबरी होज बदलायचा असेल तर दुकानात नुसता पेट्रोलचा पाइप द्या, असे म्हणू नये. दुचाकीसाठी किंवा कार्ब्युरेटरसाठी मिळणारा स्वस्त पाइप ३ बार दाबासाठी केलेला नसतो. होजवर एसएई जे३० आर९ किंवा त्याहून वरची खूण छापलेली पाहूनच घ्यावा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा मुद्दाही इथे येतो. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांतील रबर आणि सील २० टक्के इथेनॉल सोसतील अशा घटकांचे असतात. त्याआधीच्या जुन्या गाड्यांत मात्र होज फुगलेला, चिकट झालेला किंवा उलट कडक होऊन बारीक भेगा पडलेला आढळू शकतो. होज दोन बोटांत वाकवून त्याच्या बाहेरच्या गोलाईवर भेगा दिसतात का, हे पाहावे. दिसल्या तर फिल्टरबरोबर होजही बदलावा, नाहीतर नव्या फिल्टरच्या जोडापाशीच तो फाटेल. क्लॅम्प गुळगुळीत पट्टीचा, कड वळवलेला घ्यावा. भोके असलेल्या पट्टीचा क्लॅम्प जास्त आवळला की त्या भोकांतून रबर वर येऊन कापले जाते.

किती आवळावे, हा प्रश्न नवख्याला पडतोच. माहितीपुस्तिकेत टॉर्क, म्हणजे आवळण्याच्या जोराचे माप, दिला असेल तर टॉर्क पाना वापरावा. नसेल तर नट आधी हाताने शेवटपर्यंत बसवावा. हाताने फिरत नसेल तर तो तिरपा लागला आहे, तिथे पाना लावून आटे घालवू नयेत. हाताने बसल्यावर आखूड पान्याने घट्ट करावा आणि थांबावे. गळती दिसली की आणखी आवळण्याची जी सवय असते, तिच्यामुळेच आटे जातात.

डिझेलमध्ये गळती आतल्या दिशेनेही होते

डिझेलच्या काही गाड्यांत टाकीतले इंधन इंजिनाकडचा पंप ओढून घेतो. म्हणजे इंजिन चालू असताना फिल्टरच्या जोडापाशी दाब नसतो, उलट ओढ असते. जोड सैल राहिला तर तिथून डिझेल बाहेर पडण्याऐवजी हवा आत शिरते. बाहेर थेंबही दिसत नाही आणि गाडी मात्र सकाळी सुरू व्हायला वेळ घेते, सुरू झाल्यावर अडखळते, कधी चालता चालता बंद पडते. ‘गाडीने एअर धरली’ असे मेकॅनिक म्हणतात ते हेच. फिल्टर बदलल्यानंतर असा त्रास सुरू झाला तर इंजेक्टरवर संशय घेण्याआधी फिल्टरची ओ-रिंग आणि डिझेलमधले पाणी ओळखणाऱ्या सेन्सरची रिंग तपासावी. इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात पारदर्शक तुकडा असेल तर त्यात धावणारे बुडबुडे स्पष्ट दिसतात.

बोनेटखाली फिल्टर सोडण्याआधी अल्टरनेटर, पट्टे आणि रबरी माउंटिंगवर जाड प्लॅस्टिक आणि त्यावर फडके अंथरावे. डिझेल उडून जात नाही. ते रबरात मुरते आणि पट्टा फुगवते. फिल्टरच्या तळाशी पाणी काढण्याचा स्क्रू असेल तर तो आधी सैल करून भांड्यात पाणी आणि डिझेल उतरवून घ्यावे, म्हणजे फिल्टर उचलताना सांडत नाही. आट्यांवर फिरवून बसवायचा फिरकीचा फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग वरच्या बैठकीलाच चिकटून राहिलेली असू शकते. बोट फिरवून पाहावे. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर इंजिन सुरू होताच डिझेल धो-धो येते. नव्या फिल्टरबरोबर सेन्सर जुनाच बसवायचा असेल तर त्याची रिंगही नवी घालावी. नंतर हँड प्रायमर, म्हणजे हाताने दाबून डिझेल भरायचा छोटा पंप, कडक लागेपर्यंत दाबत राहावे आणि एअर काढण्याचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय डिझेल येऊ लागल्यावर तो बंद करावा. प्रायमर कडक लागल्यावर दहा मिनिटांत पुन्हा मऊ पडत असेल तर कुठेतरी जोड सैल आहे. स्टार्टर फिरवत राहून एअर काढण्याचा प्रयत्न करू नये. त्यात स्टार्टर आणि उच्च दाबाचा पंप दोन्हींचे नुकसान होते.

गळती आहे की नाही, हे पाहणे

सांडलेले सगळे आधी पुसावे, जोड पूर्ण कोरडे करावेत आणि वास विरेपर्यंत, निदान अर्धा तास, थांबावे. ओल्या जोडावर गळती शोधता येत नाही. मग फ्यूज बसवावा, टाकीचे झाकण लावावे आणि बॅटरी जोडावी.

पेट्रोल गाडीत किल्ली फिरवून फक्त दिवे लागू द्यावेत, इंजिन सुरू करू नये. टाकीतला पंप साधारण दोन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. किल्ली बंद करून हे तीन-चार वेळा करावे; पाइप भरतात आणि दाब चढतो. आता एकाने किल्ली सांभाळावी आणि दुसऱ्याने पांढऱ्या टिश्यू कागदाचा कोपरा प्रत्येक जोडाभोवती, विशेषतः खालच्या बाजूला, फिरवावा. कागद कोरडा असेल तरच इंजिन सुरू करावे, पाच मिनिटे तसेच चालू द्यावे आणि कागद पुन्हा फिरवावा. डोळ्यांवर विसंबू नये, कारण पेट्रोलची बारीक पाझर बाहेर येताच उडून जाते आणि जागेवर फक्त धूळ धुऊन निघालेला स्वच्छ पट्टा किंवा डाग उरतो. डिझेलची पाझर याच्या उलट असते. ती राहते आणि धूळ धरून काळा चिकट थर बनवते.

रात्री गाडीखाली फिल्टरच्या सरळ रेषेत मोठा पुठ्ठा अंथरून ठेवावा आणि सकाळी गाडी हलवण्यापूर्वी तो पाहावा. एसी चालवलेल्या गाडीखाली पाण्याचे थेंब पडतात, त्यांना वास नसतो आणि वाळल्यावर डाग राहत नाही. पावसाळ्यात जमीन ओली असताना साचलेल्या पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसला तर इंधन आहे. शंभर किलोमीटर चालवल्यानंतर एकदा आणि आठवड्याने आणखी एकदा जोड पुसून पाहावेत, कारण रस्त्याचे हादरे आणि तापणे-निवणे यानेच बहुतेक अर्धवट बसलेले जोड उघडे पडतात.

ओल आढळली तर इंजिन लगेच बंद करावे आणि दाब उतरवण्यापासून पुन्हा सुरुवात करावी. दाबाखालील जोड जागच्या जागी आवळू नये. जोड पूर्ण सोडावा, वॉशर किंवा ओ-रिंग उजेडात पाहावी, दोन्ही पृष्ठे पुसावीत आणि नवी रिंग घालून पुन्हा बसवावा. दुसऱ्या खेपेलाही ओल आली तर दोष जोडाच्या पृष्ठात किंवा नळीत आहे, असे समजून गाडी न चालवता मेकॅनिकला घरी बोलवावे. एम-सील, टेफ्लॉनची टेप किंवा सिलिकॉन लावून गळती बुजवू नये. साध्या सिलिकॉनला पेट्रोल मऊ करते, आणि टेपचे तुकडे सुटून थेट इंजेक्टरमध्ये जातात.

सांडलेल्या इंधनाचे काय करावे

पेट्रोलवर पाण्याचा पाइप सोडू नये. ते पाण्यावर तरंगत गटारापर्यंत जाते आणि सोबत वाफही नेते. वाळू किंवा भुसा टाकावा, शोषू द्यावा आणि धातूच्या डब्यात भरावा. भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात न टाकता उघड्यावर, उन्हापासून आणि ठिणगीपासून दूर, एकेक पसरून सुकवावीत. डिझेल सांडलेल्या फरशीवर वाळूनंतर साबणाच्या पावडरीने घासून काढावे, कारण सोसायटीच्या उतारावर डिझेलचा पातळ थरही दुचाकीला घसरवतो.

आग लागलीच तर गाडी ढकलण्याचा किंवा सामान काढण्याचा प्रयत्न न करता आधी माणसे दूर करावीत, आग लहान असेल तरच अग्निशामक वापरावे, आणि ते रिकामे होऊनही ज्वाळा राहिल्या तर मागे सरून १०१ किंवा ११२ वर फोन करावा. पाणी मारू नये.

जुना फिल्टर थाळीवर तोंड खाली करून मोकळ्या हवेत रात्रभर निथळू द्यावा. थाळीतले गढूळ इंधन टाकीत परत ओतू नये आणि गटारातही सोडू नये. झाकणाच्या धातूच्या डब्यातून ते आणि निथळलेला फिल्टर ओळखीच्या गॅरेजला द्यावा, तिथे सुटे भाग धुण्यासाठी ते कामी येते. नव्या फिल्टरच्या पत्र्यावर मात्र गाडीखाली असतानाच, हातमोजे काढण्यापूर्वी, पक्क्या शाईने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवावेत.